डाय-मोल्डचा खर्च पार्टच्या किमतीत धरायचा का? जीएसटीतला हिशेब, पायरीपायरीने

साकीनाक्याच्या गाळ्यांपासून वसई, वागळे इस्टेट, रबाळे, तळोज्यापर्यंत प्लास्टिक मोल्डिंग, प्रेस पार्ट आणि डाय-कास्टिंग करणाऱ्यांच्या बिलांत एकच चूक दोन उलट्या बाजूंनी होताना दिसते. एक्साइजच्या (जीएसटीआधीच्या उत्पादन शुल्काच्या) काळात तयार झालेले अकाउंटंट गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रत्येक मोल्डची (साच्याची) किंमत नगावर वाटतात आणि करपात्र किमतीत मिळवतात, गरज असो वा नसो. नंतर आलेल्यांनी ‘२०१८चं परिपत्रक आहे, काही मिळवायचं नाही’ एवढंच ऐकलेलं असतं, आणि त्याच परिपत्रकाचा उत्तरार्ध वाचायचा राहून गेलेला असतो. पहिल्याचा विनाकारण कर जातो, दुसऱ्याला नोटीस येते. दोघेही कॅल्क्युलेटर हातात घेऊन सुरुवात करतात. सुरुवात परचेस ऑर्डरपासून करायची असते.

फरक कुठे आहे तेवढा आधी समजून घ्या. एक्साइजमध्ये २००० सालच्या मूल्यांकन नियमांतला नियम ६ होता. गिऱ्हाइकाने टूल, डाय, मोल्ड, ड्रॉइंग यांपैकी काही फुकट किंवा स्वस्तात दिलं की त्याची वाटणी मालाच्या किमतीत धरायची. टूल कुणाच्या मालकीचं, हा प्रश्नच फारसा यायचा नाही. १ जुलै २०१७ पासून तुमच्या मालाला सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १५ लागतं, आणि त्यातलं १५(२)(बी) वेगळं विचारतं: जो खर्च करणं पुरवठादारावर बंधनकारक होतं, तो गिऱ्हाइकाने केला का? केला असेल आणि किमतीत आला नसेल, तरच तो मिळवायचा.

१. आधी कागद एका फाइलमध्ये आणा

प्रत्येक टूलसाठी (म्हणजे डाय किंवा मोल्डसाठी) वेगळी फाइल. तिच्यात परचेस ऑर्डर (पाठीमागच्या जनरल टर्म्ससकट), टूलिंगची वेगळी ऑर्डर असल्यास ती, तुमचं मूळ कोटेशन, टूलमेकरचं बिल, ट्रायल मंजूर झाल्याची मेल आणि टूल गिऱ्हाइकाकडून आलं असेल तर त्याचं चलान.

कोटेशन मुद्दाम सांगतोय. पार्टची किंमत सांगताना तुम्ही ‘टूल कॉस्ट वेगळी’ लिहिलं होतं की ‘टूल कॉस्ट धरून’, हे पुढे कामाला येतं. खूप ठिकाणी कोटेशन व्हॉट्सॲपवर गेलेलं असतं आणि फोन बदलला की संपलं. कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. टूल त्याहून जास्त चालतं, म्हणून टूल चालू असेपर्यंत आणि त्यापुढे ७२ महिने फाइल ठेवा.

२. टूल कुणाचं आणि कुणाच्या जबाबदारीत, हे ऑर्डरवरून ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचा सगळा हिशेब या पायरीवर उभा आहे.

दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. टूलची मालकी कुणाची? आणि ऑर्डरप्रमाणे टूल उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कुणाची? बहुतेक लोक पहिला विचारतात आणि दुसरा विसरतात.

सुरुवातीला म्हटलेलं परिपत्रक म्हणजे ८ जून २०१८ चं जीएसटीचं परिपत्रक क्रमांक ४७, त्यात दोन्ही बाजू आहेत. टूल गिऱ्हाइकाचं असेल, त्याने ते फुकट वापरायला दिलं असेल आणि दोघे एकमेकांशी संबंधित कंपन्या नसतील, तर तो पुरवठा होत नाही, गिऱ्हाइकाला टूलवरचं क्रेडिट (टूल घेताना भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागत नाही आणि तुमच्या पार्टच्या किमतीत काही मिळवायचं नसतं. उत्तरार्ध असा: करार असा असेल की पार्ट बनवणाऱ्याने स्वतःच्या मोल्डवर पार्ट बनवून द्यायचे, आणि तरीही मोल्ड गिऱ्हाइकाने फुकट दिला, तर मोल्डच्या खर्चाची वाटणी पार्टच्या किमतीत मिळवावी लागते. शिवाय गिऱ्हाइकाला मोल्डवर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं.

आता प्रत्यक्ष ऑर्डर उघडा. हमखास दिसणारं चित्र असं. पुढच्या पानावर पार्ट नंबर, दर, आणि खाली एक ओळ: ‘टूल कस्टमर ओन्ड’. मागच्या पानावर बारीक टायपात जनरल टर्म्स, त्यात कुठेतरी: ‘उत्पादनासाठी लागणारी सर्व टूल्स, जिग्ज, फिक्श्चर्स व गेजेस पुरवठादाराने स्वखर्चाने उपलब्ध करावीत.’ पुढचं पान एक सांगतं, मागचं दुसरं. ही छापील कलमं सगळ्या पुरवठादारांना सरसकट जातात, परचेस खात्यात ती कुणी वाचत नाही. ऑडिटला आलेला अधिकारी मात्र तीच वाचतो.

यावर उपाय एकच, ऑर्डरची लेखी दुरुस्ती. परचेसवाल्यांना साधं लिहा: ‘साहेब, पार्ट नंबर अमुकसाठी मोल्ड तुमच्या मालकीचा असून तो उपलब्ध करून देणं तुमच्या जबाबदारीत आहे, जनरल टर्म्समधलं टूलिंगचं कलम या ऑर्डरला लागू नाही, अशी अमेंडमेंट पाठवा.’ मोठ्या कंपन्यांत ती यायला वेळ लागतो, चार वेळा आठवण करावी लागते. तरी पहिला माल निघायच्या आत ती हवी.

*सावध:* मागची तारीख टाकून अमेंडमेंट घेऊ नका. जी स्थिती प्रत्यक्षात तशी होती तीच कागदावर आणा. जबाबदारी खरोखर तुमची होती आणि गिऱ्हाइकाने नंतर मेहेरबानी म्हणून मोल्ड दिला, तर तो व्यवहार उत्तरार्धातच बसतो.

*तपासा:* मोल्डवरची प्लेट, ऑर्डर आणि दोन्हीकडची मालमत्ता यादी एकच नाव सांगतात का? मोल्डवर गिऱ्हाइकाची पाटी आणि तुमच्या बॅलन्सशीटमध्ये तोच मोल्ड, हा विरोधाभास सापडायला पाच मिनिटं पुरतात.

३. चारपैकी तुमचा प्रकार ओळखा

पहिला: गिऱ्हाइकाचं तयार टूल तुमच्याकडे आलं, जबाबदारीही त्याचीच. पार्टच्या किमतीत काही मिळवू नका. पायरी ६ वर जा.

दुसरा: टूल तुम्ही बनवलं किंवा बनवून घेतलं, गिऱ्हाइकाला विकलं, पण ते तुमच्याच मशीनवर राहिलं. इथे टूलचा वेगळा पुरवठा झाला, त्याचं वेगळं टॅक्स इन्व्हॉइस. टूल त्याचं झालं, म्हणून त्यानंतरच्या पार्टमध्ये वाटणी नाही. या प्रकारात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा नावाचा. ऑर्डरवर ‘टूल डेव्हलपमेंट चार्जेस’ लिहिलं असेल तर ती सेवा की वस्तू हा वाद उभा राहतो. नियमित करदात्याला वस्तूच्या ॲडव्हान्सवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून कर भरावा लागत नाही, सेवेच्या ॲडव्हान्सवर तो पैसे येताच लागतो. टूलिंगमध्ये अर्धे पैसे आधीच घेतले जातात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. टूल विकत असाल तर ऑर्डरवर ‘मोल्ड, एक नग’ असंच लिहून घ्या. इन्व्हॉइस टूल गिऱ्हाइकाच्या नावे सुपूर्द करताना काढा, म्हणजे साधारणपणे ट्रायल मंजूर झाल्यावर.

दुसरा खड्डा राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाचा, आणि त्यात पैसे खरोखर बुडतात. तुमचा गाळा अंधेरीत, गिऱ्हाइक होसूरला (तमिळनाडू) किंवा साणंदला (गुजरात). मोल्ड जागचा हलत नाही. माल हलत नसेल तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) कायद्याच्या कलम १०(१)(सी) प्रमाणे सुपूर्द करताना तो जिथे आहे तीच पुरवठ्याची जागा, म्हणजे महाराष्ट्र. कर लागतो सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्याचा जीएसटी). तमिळनाडूच्या नोंदणीवर महाराष्ट्राच्या या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि १२ लाखांच्या मोल्डवर १८ टक्क्यांनी २,१६,००० रुपये अडकतात. आयजीएसटी लावून मोकळं व्हायचं, असं अनेक जण करतात. ते चूकच आहे. परदेशी गिऱ्हाइकाचंही तसंच: डॉलरमध्ये पैसे आले तरी मोल्ड देशाबाहेर गेला नाही तर निर्यात झालेली नाही.

यातून सुटायला दोन रस्ते आहेत. टूलमेकर वेगळा असेल तर त्याने थेट बाहेरच्या गिऱ्हाइकाला बिल करायचं आणि त्याच्या सांगण्यावरून मोल्ड तुमच्याकडे पाठवायचा, म्हणजे बिल-टू शिप-टू. मग कलम १०(१)(बी) प्रमाणे पुरवठ्याची जागा गिऱ्हाइकाचं मुख्य कार्यालय धरतात, आयजीएसटी लागतो आणि क्रेडिट मिळतं. पण टूल तुमच्या जबाबदारीत असल्याचं ऑर्डरमध्ये कुठेही राहू देऊ नका, नाहीतर हाच व्यवहार चौथ्या प्रकारात जातो. दुसरा रस्ता म्हणजे टूल न विकता खालचा तिसरा प्रकार घ्यायचा. गिऱ्हाइक राज्याबाहेरचं असेल तर मी हाच सुचवतो.

तिसरा: टूल तुमचं, खर्च पार्टच्या दरात वसूल. कराच्या दृष्टीने सगळ्यात सरळ. जो दर लावाल त्यावर कर. टूलच्या खरेदीवरचं क्रेडिट तुम्हाला, फक्त त्या कराच्या रकमेवर घसारा घेऊ नका, कलम १६(३) मध्ये तसं झालं तर क्रेडिट जातं. धोका धंद्याचा आहे: ऑर्डर मध्येच थांबली तर उरलेल्या पैशांचं काय, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

चौथा: जबाबदारी तुमची, खर्च गिऱ्हाइकाने केला. त्याने मोल्ड फुकट दिला किंवा तुमच्या टूलमेकरचं बिल परस्पर भरलं. इथेच वाटणी मिळवायची. त्याने अर्धाच खर्च उचलला असेल तर त्याचा अर्धाच धरा, तुमचा वाटा दरात आधीच आलेला असतो.

*सावध:* गिऱ्हाइक आणि तुम्ही एकाच समूहातले असाल तर परिपत्रकातली सूट तुमच्यासाठी नाही. तिथे कलम १५ सोबत नियम २८ (संबंधित कंपन्यांमधल्या व्यवहाराची किंमत ठरवणारा) पाहावा लागतो. तो हिशेब सीएला दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नका.

४. नगावरचा आकडा काढा

फक्त चौथ्या प्रकारासाठी. (तिसऱ्यात दर किती लावायचा हा तुमच्या धंद्याचा प्रश्न, त्यात कर खात्याला पडायचं कारण नाही.)

भागाकारात वर, म्हणजे मोल्डच्या खर्चात, काय घ्यायचं: डिझाइन, स्टील, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, ट्रायल, आणायची वाहतूक, आयात असेल तर कस्टम ड्युटी. रोजची देखभाल घेऊ नका, ती तुमच्या ओव्हरहेडमध्ये आधीच असते.

खाली, म्हणजे किती नगांनी भागायचं, यावर गोंधळ होतो. तीन गोष्टी बघा.

शॉट (मोल्डचा एक फेरा) आणि नग एक नव्हेत. दोन कॅव्हिटीचा (दोन खाचांचा) मोल्ड एका शॉटमध्ये दोन नग देतो. टूलमेकर आयुष्य शॉटमध्ये सांगतो, बिल नगावर होतं.

रिजेक्शन वजा करा. विकले न जाणारे नग मोजले तर वाटणी पूर्ण होतच नाही.

आयुष्य की ऑर्डरची संख्या? २३ जानेवारी १९९६ च्या एक्साइजच्या परिपत्रकात कास्टिंगच्या पॅटर्नसाठी अपेक्षित आयुष्य आणि क्षमता धरायला सांगितलं होतं. जीएसटीच्या परिपत्रकात पद्धत दिलेलीच नाही, त्यामुळे व्यवहारात तीच वापरली जाते. माझं मत असं: मोल्ड नंतरही चालणार असेल तर आयुष्य धरा, एकाच मॉडेलचा पार्ट असेल आणि त्यानंतर मोल्ड भंगारातच जाणार असेल तर ऑर्डरची संख्या धरा. जे धराल त्याचं कारण फाइलमध्ये दोन ओळींत लिहा.

हिशेब करून पाहू. मोल्ड १२,००,००० रुपये, जीएसटी सोडून. आयुष्य ३,००,००० शॉट, कॅव्हिटी दोन, म्हणजे ६,००,००० नग. २ टक्के रिजेक्शन वजा जाता ५,८८,००० चांगले नग. १२,००,००० भागिले ५,८८,००० म्हणजे नगाला २.०४ रुपये.

एका मोल्डमधून दोन वेगळे पार्ट निघत असतील तर खर्च आधी पार्टांत विभागा. वजनावर विभागणी सोपी पडते आणि समजावताही येते.

*तपासा:* नगावरची वाटणी गुणिले एकूण चांगले नग, हा गुणाकार मोल्डच्या किमतीशी जुळतो का? नाही जुळला तर बहुतेक वेळा कॅव्हिटी विसरलेली असते.

कायद्याने सक्ती नसली तरी आयुष्याबद्दल चार्टर्ड इंजिनिअरचं आणि वाटणीबद्दल कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र पहिल्या बिलाआधी घ्या. नोटीस आल्यावर काढलेल्या प्रमाणपत्राला तेवढं वजन राहत नाही.

५. बिलावर मांडणी

वाटणी कर काढण्यापुरती असते, गिऱ्हाइकाकडून ती पैशात घ्यायची नसते, कारण तो खर्च त्याने आधीच केलाय. १०,००० नगांचं बिल, दर १८ रुपये:

मालाची किंमत १,८०,०००
टूलिंगची वाटणी २०,४००
करपात्र किंमत २,००,४००
जीएसटी १८ टक्के ३६,०७२
वजा टूलिंगची वाटणी २०,४००
येणे रक्कम २,१६,०७२

वाटणी वजा करायची ती कर काढून झाल्यावर. आधी वजा केली तर केलेलं सगळं वाया. टॅली किंवा ई-इन्व्हॉइसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही शेवटची ओळ कुठे बसते ते पाहायला एक नमुना बिल काढून गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला पाठवा. त्यांच्या सिस्टीममध्ये ऑर्डरचा दर १८ आणि बिलाची करपात्र किंमत २०.०४ दिसली की बिल अडकतं, आणि गाडी गेटवर उभी राहिल्यावर समजावायला कुणी मोकळं नसतं.

गिऱ्हाइकाला मोल्डवरचं क्रेडिट परत करण्याबद्दलही याच वेळी लेखी कळवा. तो त्याच्या वाट्याचं काम करतो का, हे तुमच्या हातात नाही, पण कळवल्याचा कागद तुमच्याकडे हवा.

*सावध:* ‘गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळतंच, मग सरकारचं काय नुकसान’ यावर विसंबू नका. क्रेडिटला मुदत आहे: पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यात जी आधी येईल ती. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर भरलेला कर आणि त्यावरचं १८ टक्के व्याज गिऱ्हाइक देईल, या आशेवर राहू नका.

६. मोल्डची ये-जा

गिऱ्हाइकाचा मोल्ड येताना आणि परत जाताना नियम ५५ चं डिलिव्हरी चलान. त्यावर मोल्डचा नंबर, वजन, अंदाजे किंमत आणि ‘विक्रीसाठी नाही, उत्पादनासाठी वापरायला’ असा शेरा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १,००,००० रुपयांवर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर ५०,००० वर. जॉबवर्कसाठी माल राज्याबाहेर जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल हवंच.

कच्चा मालही गिऱ्हाइकाचा असेल तर ते जॉबवर्क. मग आयटीसी-०४ (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा फॉर्म) भरायचा तो गिऱ्हाइकाने, तुम्ही नव्हे. मशीन जॉबवर्करकडे गेली तर ३ वर्षांत परत यावी लागते. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ती मुदत नाही. तरीही ‘तीन वर्षं झाली, मोल्ड परत पाठवा’ असं पत्र येतं. त्याला उत्तर कलम १४३.

७. मध्येच काही बदललं तर

मशीनवरचा शॉट काउंटर आणि बिलातले नग दर महिन्याला एका रजिस्टरात जुळवा. त्यावरून पुढचं सगळं सुटतं.

मोल्डची पूर्ण किंमत वाटून झाली की मिळवणं थांबवा, मोल्ड अजून चालत असला तरी. ड्रॉइंग बदललं आणि मोल्डमध्ये दुरुस्ती झाली, तिचा खर्च गिऱ्हाइकाने केला, तर तो खर्च अधिक न वाटलेली जुनी रक्कम, भागिले उरलेले नग. आधीच्या बिलांना हात लावायचा नाही.

तिसऱ्या प्रकारात ऑर्डर थांबली आणि गिऱ्हाइकाने टूलचे उरलेले पैसे एकरकमी दिले, तर मोल्ड त्याला जातोय का ते आधी पाहा. जात असेल तर ती विक्री. कलम १८(६) प्रमाणे घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम आणि विक्रीवरचा कर, यांत जे जास्त ते भरायचं. मोल्ड तुमच्याकडेच राहणार असेल तर माझ्या मते ते आधीच्या पार्टच्या दरातलं कमी पडलेलं देणं आहे. डेबिट नोट काढा, कर लावा.

आणि भंगार. तुमचा मोल्ड भंगारात देताना १८(६) ची तिमाहीची आकडेमोड करावी लागत नाही, मिळालेल्या किमतीवर कर भरला की झालं. गिऱ्हाइकाचा मोल्ड मात्र त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देऊ नका. गाळ्यात जागा नाही म्हणून रविवारी टेम्पो भरला जातो, आणि त्या मोल्डचं चलान फाइलमध्ये उघडंच राहतं. परवानगी, वजनकाट्याची पावती, गिऱ्हाइकाचं भंगाराचं बिल आणि पाटीसकट मोल्डचा शेवटचा फोटो लावा, चलान बंद केल्याची नोंद करा.